सिस्टर दोरिलांच्या सन्मानार्थ

आधीच सांगून ठेवते, ह्या पदार्थाचं नाव मी ठेवलेलं नाही. माझ्या आईनं ठेवलेलं नाही, तिच्या आईनंही नाही. आमच्या ह्या समुद्रकाठच्या पट्ट्यात ॲपल पाय करताना उरलेलं पीठ टाकायचं नाही असा दंडक आहे. उरलेलं लाटायचं, वर लोणी फासायचं, तांबूस साखर भुरभुरायची, गुंडाळी करायची, सुरीनं चकत्या पाडायच्या आणि ओव्हनमध्ये सारायच्या. एका घासाला एक. बशी नको, चमचा नको, धुणंभांडी नकोत. आमच्याकडे ह्यांना सिस्टरचे पाद म्हणतात. सिस्टर म्हणजे इस्पितळातली नव्हे, मठातली, काळ्या झग्याची. का म्हणतात ते देवाला ठाऊक, आणि देव असल्या गोष्टी कुणाला सांगत बसत नाही.

बारशाला, नाताळला, चर्चच्या हॉलमध्ये, फादरांच्या तोंडासमोर आम्ही “अजून एक पाद घ्या ना” असा आग्रह करत आलो आणि फादर घेत आले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटायला माणूस बाहेरून यावा लागतो.

तो आमच्या शाळेला मिळाला. पेंडलटनबाई, नव्या मुख्याध्यापिका. कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाहून, व्हँकूव्हरहून आल्या. आमची फ्रेंच त्या पुस्तकातून शिकल्या, त्यामुळे व्याकरण इस्त्री केल्यासारखं. पण गावात कोण काय बोलतंय आणि त्याच्या पोटात काय आहे, ह्यातलं त्यांच्या कानाला काही लागत नव्हतं. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला बरं पडलं असतं, भांडता आलं असतं.

शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली, त्याचा समारंभ. समितीची बैठक वाचनालयात, पहिलीच्या पोरांच्या खुर्च्यांवर. माझा एक गुडघा एका कानाला, दुसरा दुसऱ्याला. बाईंनी सांगितलं, पाचशे माणसं येणार, पैसे जेमतेम, म्हणून मंक्टन शहरातल्या घाऊक दुकानातून गोठवलेल्या पिझ्झाच्या टिकल्या आणि स्प्रिंग रोलची खोकी आणायची. हातात घेऊन खाता येतं, स्वस्तात पडतं, ओव्हनमध्ये टाकलं की झालं.

आता मी काही फार शिकलेली नाही. चौथीतून उठले ती थेट मासळीच्या कारखान्यात. पण ह्या गावात चार माणसं जमली की त्यांच्या तोंडात काय पडायचं, हे आजवर चर्चच्या हॉलच्या स्वयंपाकघरात ठरत आलंय आणि त्या स्वयंपाकघरात माझा शब्द चालतो. एकदा खोकं शिरलं की संपलं. खोकं उघडायला ही ओबेलीन लागत नाही, कात्री पुरते.

“बाई,” मी म्हटलं, “खोक्यातलं खायला माणसं घराबाहेर पडत नसतात. मी करते. खोक्यांपेक्षा स्वस्तात.”

“वा, मादाम ओबेलीन. काय कराल?”

“पाद.”

बाईंनी लिहायला पेन टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. माझी नणंद झेलिका शेजारी बसली होती. तिनं ताबडतोब बुटाची नाडी बांधायला घेतली. तिच्या बुटांना नाडी नाही.

बाईंनी समजावून घेतलं, पीठ, लोणी, साखर, सगळं. मान डोलवली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “पण आपल्या मुख्य पाहुण्या सिस्टर दोरिला आहेत.”

खरंच होतं ते. शाळा मुळात मठाच्या सिस्टरांची. त्यातल्या शेवटच्या दोरिला, नव्वदीच्या, आता मंक्टनच्या मठात असतात. अर्ध्या गावाचे कान त्यांनी स्वतःच्या हातानं पिरगाळलेत, माझा डावा धरून.

“मग काय झालं?” मी म्हटलं. “त्या खात नाहीत की काय?”

“प्रश्न खाण्याचा नाही, पाटीचा आहे.” शिक्षण मंडळाचा नियम असा, की कुणाला काही बाधू नये म्हणून टेबलावरच्या प्रत्येक पदार्थापुढे ठळक अक्षरात पाटी हवी, वर नाव आणि खाली जिन्नस. पाटी नाही तर पदार्थ नाही. आणि असल्या नावाची पाटी बाई सिस्टरांपुढे लावणार नाहीत. सभ्य नाव सुचवा, नाहीतर खोकी.

घरी येऊन मी फिदेलला सांगितलं. फिदेल म्हणजे माझा नवरा. आयुष्यभर लॉब्स्टरच्या मागे समुद्रावर राहिला, त्यामुळे घरात फारसा बोलायला शिकला नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सोड ना. अंडी ने.”

अंडी. म्हणजे झेलिकाची उकडून मसाला भरलेली अंडी. ह्या घरात माझ्या पाठीमागे काय चालतं ते मला त्या एका शब्दात कळलं. मी त्याला विचारलं, बंद जिममध्ये पाचशे माणसांना अंडी चारून नंतर दारंखिडक्या कोण उघडणार आहे? पाटीवर नाव काय लिहायचं हा प्रश्नच उरणार नाही, पदार्थ आपोआप हजर होईल, आणि पादऱ्याला पावट्याचं निमित्त असतं तसं अख्ख्या गावाला झेलिकाचं निमित्त मिळेल. फिदेल रेडिओ लावून बसला.

नावाचं म्हणाल तर गावानं मला उपाशी ठेवलं नाही. पोस्टात गेले तर पोस्टातली म्हणाली, गोगलगाय म्हणा. गोगलगाय कोण तोंडात घालणार? पेट्रोलपंपावरचा म्हणाला, चक्रीवादळ म्हणा. इथल्या माणसाची दोन छपरं उडून गेलेली, तो चक्रीवादळ चावून खाणार आहे का? चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या कुमारिकेनं बराच विचार करून सुचवलं, सिस्टरचे उसासे.

“उसासे,” झेलिका म्हणाली. “सोडलेले कुठून, ते पाटीवर खाली लिहू या.”

शेवटी मी शाळेत गेले आणि कडू औषध गिळावं तसं बोलले, “बाई, नाव तुम्हाला हवं ते द्या. पाद मी करते. फक्त खोकी आणू नका.”

लाज वाटली. आईनं हातात दिलेला पदार्थ, त्याचं नाव मी पुस्तकातून आमची भाषा शिकलेल्या बाईला काढून दिलं. पण नाव गेलं तरी पदार्थ टेबलावर राहतो, असा मी हिशेब केला. खोकी आली असती तर दोन्ही गेलं असतं.

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, “निश्चिंत राहा. मी असं नाव देईन की परंपराही राहील आणि सभ्यताही.”

एवढ्यावर भागेल असं मला वाटलं, ही माझी चूक. आरोग्य खात्याचा एक तरुण तपासनीस आला, डोक्याला जाळी लावून आला, ती मोटारीतसुद्धा काढत नसावा. म्हणाला, घरी केलेलं चालणार नाही, तपासलेल्या स्वयंपाकघरातच करा; आणि जी बाई करेल तिच्याकडे अन्नसुरक्षेचा दाखला हवा.

“दाखला कसला?” मी विचारलं. “गावातली निम्मी माणसं माझ्या हातचं खाऊन म्हातारी झालीत. त्यांना बघा.”

तो म्हणाला, परीक्षा संगणकावर असते.

सून मिरेय संगणकापुढे बसली आणि मी तिच्यामागे, जपमाळ हातात घेऊन. तिनं वाचायचं, मी सांगायचं. कच्ची कोंबडी फ्रिजमध्ये कुठल्या फळीवर ठेवावी?

“माझ्या घरी कोंबडी फ्रिजपर्यंत पोचतच नाही,” मी म्हटलं.

“आई, ते उत्तर ह्यात नाही.”

“मग परीक्षा चुकीची आहे.”

पास झाले. गुण किती ते विचारू नये. फिदेलनं एकदा विचारलं होतं, त्या रात्री त्यानं सूप स्वतः गरम करून घेतलं.

मग हॉलमध्ये बायका जमल्या, पीठ मळायला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पाद कसे करायचे ह्यावर आमच्या गावात दोन घरांचं एकमत नाही. एक म्हणते दालचिनी हवी. दुसरी म्हणते दालचिनी घालणारी पलीकडच्या गावची. एक म्हणते तळ चिमटीनं बंद करायचा, एक म्हणते उघडा ठेवायचा, नाहीतर नावाला अर्थ काय उरला. मी दाखला भिंतीवर चिकटवला आणि सांगितलं, ज्यांच्याकडे असा कागद आहे त्यांनीच मत द्यावं. कागदाचा तेवढा एक उपयोग झाला.

तरी झेलिकानं घात केलाच. माझी पाठ वळली तसं तिनं तिच्या ट्रेतल्या गुंडाळ्यांत लोणी दुप्पट फासलं आणि गुंडाळीची कड पाण्याच्या बोटानं दाबलीच नाही. ओव्हनमध्ये कडा सुटल्या, लोणीसाखर वितळून तळाला गळली, जळली, आणि काळा धूर निघाला तो थेट छतावरच्या भोंग्यापर्यंत. भोंगा कोकलायला लागला. आमच्याकडे भोंगा वाजला की अग्निशमन दल आपोआप निघतं, आणि दल म्हणजे आमचेच भाचे, पुतणे, न्हावी आणि बँकेतला तो उंच पोरगा. लाल गाडी घेऊन, शिरस्त्राणं घालून, नळ्या खांद्यावर घेऊन शिरले. आग नव्हती. तयार ट्रे होते. आग विझवायला आलेल्यांनी ट्रे विझवले. वर त्यांचा प्रमुख मला म्हणतो कसा, “मावशी, जागा सुरक्षित आहे, पण खात्रीसाठी त्या कोपऱ्यातल्या ट्रेचीही तपासणी करावी लागेल.”

“वन्सं,” मी झेलिकाला म्हटलं, “तुमच्या हातून लोण्याचा डबा काढून घेते, राग मानू नका.”

“वहिनी, जास्त लोण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का?”

मी छताकडे बोट दाखवलं. छत काळं होतं.

पुन्हा मळलं, पुन्हा लाटलं. करून टाकलं सगळं. समारंभाच्या सकाळी ट्रे कापडांखाली झाकून शाळेच्या जिममध्ये नेले आणि लांब टेबलावर मांडायला घेतले. तेव्हा मी पाटी पाहिली.

साधी पाटी नव्हती. रंगीत छापलेली, सोनेरी कडेची, दारातून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. मिरेयनं वाचली आणि मध्येच थांबली.

“वाच की.”

“आई, लिहिलंय, ‘सिस्टर दोरिलांचे. त्यांच्या सन्मानार्थ.’ आणि खाली, पीठ, लोणी, साखर.”

बाईंनी काय केलं होतं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. त्यांनी विचार केला, सिस्टर ठेवू, पाद काढू. परंपराही राहील, सभ्यताही. पण आमच्या गावात तो पदार्थ बघून तो शब्द कुणाच्याही मनात आपणहून येतो, पाटीवर असो नसो. इतकी वर्षं तो कुठल्यातरी सिस्टरचा होता, कुणाच्या नावावर नव्हता. आता बाईंनी तो नावानिशी, सोनेरी कडेनं, नव्वदीच्या एका म्हातारीच्या खात्यावर जमा केला होता.

मी पाटी उचलली. तो जाळीवाला तपासनीस माझ्यामागेच होता.

“पाटी नसेल तर ट्रे उचलावे लागतील, मादाम.”

“बाळा, ही पाटी चुकलीय.”

त्यानं वाकून वाचली. “पीठ, लोणी, साखर. बरोबर आहे की. लोणी नाही का ह्यात?”

हा पोरगा पाट्या आणि नियमांच्या राज्यातला, त्याला काय सांगायचं. पाटी परत ठेवली. पेंडलटनबाई लांबून हात हलवत होत्या, आनंदानं. मी जाऊन सांगायला हवं होतं. पाय उचलला सुद्धा. पण सांगितलं असतं तर बाईंनी सभ्यतेसाठी त्याच क्षणी ट्रे मागे नेले असते, आणि खोकी नक्की कुठेतरी तयार होती. मला बाईंचा स्वभाव माहीत होता, त्या एक छत्री हातात असताना दुसरी पिशवीत ठेवणाऱ्या. पाय खाली ठेवला.

लोक यायला लागले. पाचशे म्हटले होते, त्याहून जास्तच असतील, फुकटच्या घासाला आमचं गाव कधी मोजून येत नाही. एकेक जण टेबलापुढे यायचा, पाटी वाचायचा, आणि त्याचा चेहरा आधी कोरा, मग लाल, मग अगदी चर्चमधल्यासारखा गंभीर व्हायचा. न्हाव्यानं बँकेतल्या पोराला विचारलं, “सिस्टर दोरिलांचा एक घेतोस?”

“घेतला,” तो म्हणाला. “अजून गरम आहे.”

एक म्हातारा, ज्याला सिस्टरांनी दुसरीत दोनदा बसवलं होतं, तो पाटीपुढून हलायलाच तयार नव्हता. म्हणाला, इतकी वर्षं वाट पाहिली, जरा उभं राहू दे.

आणि मग सिस्टर आल्या. चाकाच्या खुर्चीत, पांढरे केस, डोळे तेच, खिळे ठोकल्यासारखे. सोबत मंक्टनचे मोठे पाद्री, लठ्ठ गृहस्थ, खाण्याचे शौकीन. पेंडलटनबाईंनी खुर्ची थेट माझ्या टेबलापुढे आणली, हातात माइक. सिस्टर दुखावल्या तर अख्ख्या गावात एकच गोष्ट उरणार होती: ओबेलीननं स्वतःच्या शिक्षिकेची थट्टा केली. त्यानंतर हॉलच्या स्वयंपाकघरात मला ओट्याला टेकायलाही कुणी दिलं नसतं.

“सिस्टर,” बाई माइकवर म्हणाल्या, “ह्या गावानं आपला जुना लाडका पदार्थ आजपासून तुमच्या नावे केला आहे.”

अख्खं जिम गप्प. एवढं गप्प की कुणाच्यातरी पोटातली अंडी ऐकू आली असती. झेलिका पुन्हा नाडी बांधायला खाली गेली.

सिस्टरांनी चष्मा लावला. पाटी वाचली. ओठ हलवत, सावकाश, अक्षर अन् अक्षर, जसं आम्हाला वाचायला लावत तसं. मग ट्रेकडे पाहिलं. एक उचलला, उलटा केला, तळ बघितला. नाकाशी नेला. माझ्यामागे कुणीतरी रुमालात गुदमरलं.

त्यांनी अर्धा तोडून खाल्ला आणि माइककडे बोट केलं. बाईंनी माइक पुढे धरला.

“माझे?” सिस्टरांनी विचारलं.

“हो सिस्टर,” बाई प्रेमानं म्हणाल्या. “तुमचेच.”

“ह्या वयात इतके खुसखुशीत. देवाची कृपा.”

कुणी हसलं नाही. हसू सगळ्यांच्या घशाशी येऊन दारावर उभं होतं, बाहेर पडायची परवानगी मागत. सिस्टरांनी उरलेला अर्धा खाल्ला, बोटं झग्याला पुसली आणि पुन्हा माइक मागितला.

“पण मुलांनो, नाव चुकलंय. मठात आम्ही हे दर शनिवारी करायचो, तेव्हा असलं नाव कसं घेणार? आम्ही ह्यांना पाद्र्यांचे म्हणायचो.”

मोठे पाद्री शेजारीच उभे होते. एका हातात दोन, तोंडात एक.

मग जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. बाकं हलली. तो दुसरीत दोनदा बसलेला म्हातारा भिंतीला धरून खाली बसला. पाद्री आधी खोकले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसता तोंडातला गिळून हातातले दोन्ही खाल्ले, हे मी स्वतः पाहिलं. जाळीवाला तपासनीस तेवढा गोंधळून सगळ्यांकडे बघत होता, कुणाला काही बाधलं की काय म्हणून.

पेंडलटनबाई हसत होत्या, पण सगळे हसतात म्हणून. मिरेयनं त्यांना कोपऱ्यात नेलं आणि इंग्रजीत समजावलं. मी लांबून त्यांचा रंग बघत होते. गोऱ्या होत्या, गुलाबी झाल्या, मग आमच्या उकडलेल्या लॉब्स्टरसारख्या झाल्या. तशाच त्या माझ्याकडे आल्या.

“मादाम ओबेलीन, मला कुणी सांगितलं का नाही?”

“बाई, नाव तुमचं होतं. आम्ही फक्त पाद आणले.”

मला वाटलं, आता ही रडणार. पण बाईंनी पाटी पुन्हा एकदा वाचली, आणि मग त्यांच्या नाकातून असा काही आवाज निघाला की माझ्या मनात त्यांच्याविषयी पहिल्यांदा थोडी आशा निर्माण झाली.

“खोकी आणली होती मी,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “शाळेच्या फ्रीजरमध्ये आहेत. न जाणो म्हणून.”

“माहीत आहे मला.”

“परत देते ती. पुढच्या महिन्यात दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ आहे. मी हॉलमध्ये तुम्हाला भेटायला येऊ का?”

“या. फक्त पेन आणू नका.”

ट्रे रिकामे झाले. झेलिका दोन तासांनी सांगत फिरत होती, की लोणी जास्त असलेले आधी संपले. सांगू दे. फिदेलनं पाटी मागून घेतली, बोटीवर लावायला म्हणून. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाटी बोटीवर होती.

सिस्टरांना मोटारीत बसवलं तेव्हा मी एक पुडकं घेऊन गेले, राखून ठेवलेलं. पेंडलटनबाई दार धरून उभ्या होत्या. सिस्टरांनी पुडकं मांडीवर घेतलं, एक कोपरा उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, “ओबेलीन, कड नीट दाबतेस. हे तरी शिकलीस.”

“हो, सिस्टर.”

“माझ्या मयताला हेच कर. भरपूर कर, दूरदूरची माणसं येतील.” मग त्यांनी पेंडलटनबाईंकडे पाहिलं आणि पुडक्याचा कोपरा पुन्हा घडी करून बंद केला. “पण त्या दिवशी पाटी लावू देऊ नकोस कुणाला. तेव्हा मला उलट उत्तर देता यायचं नाही.”